अर्ध्या दाढीचा खलाशी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या वाचनालयाचे दरवाजे ज्यांनी आपल्या हातांनी उघडले, आपल्या हातांनी लावले, ते आदरणीय महेंद्र तांबे सर. आमच्या दैनिकाचे संपादक संदेश शेट्ये. व्यासपीठावरील सर्व मान्यवर. समोर बसलेल्या वाचक बंधू-भगिनींनो. आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे पुस्तकांच्या कपाटांना टेकून उभे राहिलेल्या मित्रांनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मघापासून माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते मी खाली मान घालून ऐकत होते. काहींना तो विनय वाटला असेल. तो विनय नव्हता, मान दुखते आहे. इतकी वर्षं टेबलावर वाकून लिहिलं की कौतुक ऐकतानाही माणूस वाकलेलाच राहतो. तांबे सरांनी माझ्या लेखनाला 'अखंड वाहणारा झरा' म्हटलं. सर, आपला मान राखून सांगते, झरा वगैरे काही नव्हता. आमच्याकडे नळाला येतं तसं होतं, एक दिवसाआड, आणि येईल तेव्हा भरून ठेवायचं.

मला प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो. शाळेच्या स्नेहसंमेलनात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात अवजार असताना विचारला. "तुम्हाला गोष्टी सुचतात कुठून?" आजही आभाराच्या आधी कोणीतरी विचारणार, म्हणून मीच उत्तर देऊन टाकते.

गोष्टी गुरुवारी सुचतात.

हसू नका, खरं आहे. रविवारची पुरवणी गुरुवारी दुपारी छपाईला लागते. जेवणाच्या सुट्टीआधी माझा मजकूर टेबलावर पाहिजे. त्या काळी हे संदेश शेट्ये नवीन उपसंपादक होते. ते माझ्या दाराशी येऊन उभे राहत. बोलत काही नसत, फक्त मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत. त्या किल्लीच्या आवाजाने मला जेवढ्या कथा सुचल्या तेवढ्या चांदण्याने आणि समुद्राने मिळून सुचल्या नाहीत.

पण गुरुवारी सुचायचं तर बुधवारपर्यंत काहीतरी कानावर पडलेलं असावं लागतं. त्यासाठी प्रवास. प्रवास म्हणजे परदेश नव्हे. मी एकदा पासपोर्ट काढला होता, तो कोराच मुदत संपून गेला. माझा प्रवास आपल्या एसटीचा. वरती केळशी आणि खालती नाटे, एवढंच माझं जग, आणि ते मला पुरलं.

केळशीहून दापोलीला येणाऱ्या गाडीत एकदा एक गृहस्थ दरवाजा घेऊन चढले. सागवानी, कडीकोयंड्यासकट. कंडक्टर म्हणाला, "अहो, याचं तिकीट कोण काढणार?" गृहस्थ म्हणाले, "अर्धं काढतो. उघडत नाय तो." जुनं घर पाडलं होतं आणि बायकोने सांगितलं होतं की नव्या घरात शिरेन तर याच दारातून, नाहीतर माहेरी जाते. दापोलीपर्यंत अख्खी गाडी त्या दाराला टेकून आली. माझा एक गुरुवार भागला.

पावसला आंब्याच्या दिवसांत दोन भाऊ एकाच कलमाखाली राखणीला बसत, एकमेकांकडे पाठ करून. दोघांत बोलणं नव्हतं. कुत्रा मात्र सामाईक होता. एक भाऊ कुत्र्याला म्हणायचा, "सांग रे त्याला, उद्या फवारणी हाय." दुसरा म्हणायचा, "सांग त्याला, मला कान हायत." कुत्रा बिचारा दोन्हीकडे शेपटी हलवायचा. आणखी एक गुरुवार.

नवीन लिहिणारी मुलं इथे बसली आहेत म्हणून सांगते. तुम्हाला वाटतं डोळे उघडे ठेवले की झालं. उघडणं सोपं असतं हो. नंतर ते मिटत नाहीत, ही खरी अडचण. माझ्या सख्ख्या मावशीच्या तेराव्याला मी आचाऱ्यांचं भांडण ऐकत बसले होते. बसमध्ये शेजारची बाई रडायला लागली की आधी वाटतं, हिने आत्ता जो शब्द वापरला तो पुन्हा वापरेल का. असं वर्षानुवर्षं करून माणूस दमतो. पाय दमले तर बसता येतं. कान दमले तर काय करायचं? म्हणून गेल्या पावसाळ्यात मी संदेशना म्हटलं, आता पुरे. चालू मालिका दिवाळीपर्यंत संपवते आणि थांबते. त्यांनी किल्ली फिरवली नाही. मान डोलावली. त्यावरून कळलं की तेही दमले आहेत.

त्या चालू मालिकेबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोललं पाहिजे. तांबे सर, आपण घड्याळाकडे पाहिलंत ते मी पाहिलं. थोडी सवलत द्या. आजच्या कार्यक्रमाशी त्याचा संबंध आहे.

राजापूरहून नाट्याला जाणाऱ्या गाडीत मला अयूब चाचा भेटले. ऐंशीच्या पुढचे, पूर्वी गलबतावर खलाशी होते. डोळ्यांनी तेव्हा थोडं दिसत होतं, आता मुळीच दिसत नाही. त्यांनी मला त्यांच्या मित्राची हकीकत सांगितली. मित्राचं नाव रामजी. नाट्याचाच, पलीकडच्या बौद्धवाडीतला. दोघे विशीत असताना एकाच गलबतावर लागले आणि खजूर भरायला बसऱ्याला गेले. निघायच्या दिवशी रामजी म्हणाला, "हजामत करून येतो." आणि बंदरावर उतरला. भरतीची वेळ झाली, नाखवा थांबेना. भरती चुकली तर सगळ्यांचाच खोळंबा. गलबत सुटलं. रामजी राहिला. पुढे त्याचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. आजतागायत नाही.

एवढंच अयूब चाचांनी सांगितलं आणि ते स्टॉपवर उतरून गेले. पण मला त्या हजामाच्या दुकानातला आरसा दिसायला लागला. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला साबण, आणि आरशात मागच्या बंदरातून आपलंच शीड निघालेलं दिसतं आहे. मी माणसाचं नाव बदललं, धाकू ठेवलं, आणि लिहायला घेतलं. दर रविवारी धाकू घरी यायला निघायचा आणि दर रविवारी कुठेतरी अडकायचा. आपण ती मालिका प्रेमाने वाचलीत. बाजारात मला लोक विचारायचे, "काय बाई, धाकूची दाढी पुरी केलीत की नाय?"

दिवाळी जवळ आली तेव्हा मला शेवट हवा होता. मी धाकूला एका परक्या बंदरातल्या इस्पितळात तापाने आजारी पाडलं आणि तिथेच त्याचा अंत केला. त्या भागाचं कौतुक झालं. आपल्यातल्या काहींनी डोळे पुसल्याचं सांगितलंत. मालिका संपली. माझ्या अर्ध्या पानावर रविवारच्या पाककृती सुरू झाल्या आणि मी गुरुवारी दुपारी झोपायला लागले.

मग एक दिवस कार्यालयात एक मुलगी आली. पंचविशीची असेल. म्हणाली, "मी फिजा. नाट्याहून आले. अयूब सारंगांची नात." तिचे आईवडील कुवेतला, ही आजोबांबरोबर असते आणि दर रविवारी पडवीत बसून त्यांना पेपर वाचून दाखवते. वाडीतले चारजण ऐकायला येतात. आधी धाकू, मग बाकीचं जग, असा क्रम.

मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही. म्हणाली, "मॅडम, तुम्ही मारून मोकळ्या झालात. वाचायचं मला होतं."

मी विचारलं, "मग काय वाचलंस?"

"वाचलं की तो बरा झाला. डॉक्टर मल्याळी होता. त्याने पेज दिलीन."

"इस्पितळात पेज?"

"मग तापात काय देणार, बिर्याणी?"

तेव्हापासून दर रविवारी ही मुलगी हातात पुरवणी धरते, समोर फणसाच्या भाजीची कृती छापलेली असते, आणि तोंडाने ती धाकूला पुढे नेत असते. वाडीतले सगळे जाणून आहेत. पेपर त्यांच्याकडेही येतो. पण पडवीत बसले की सगळे धाकू जिवंत असल्यासारखे बोलतात. एकजण तर दर वेळी विचारतो, "धाकूचा पाय कसा हाय आता?" मी धाकूच्या पायाला कधी काही केलेलं नाही. तोही फिजाचाच उद्योग.

"आजोबांना संशय नाही आला?" मी विचारलं.

आजोबांना ती दादा म्हणते. म्हणाली, "दादा म्हणतात, हल्ली बाई बरं लिहितात. आधी फार पाऊस असायचा."

हे मी इतक्या शांतपणे सांगते आहे, पण तेव्हा मला पाणी प्यावं लागलं.

आता आपण विचाराल, आणि मीही विचारलं, की गोष्टीतला माणूस मेला तर बिघडलं कुठे? ऐंशीच्या पुढचा माणूस, जग फिरून आलेला, त्याला गोष्ट आणि खबर यातला फरक कळत नाही? फिजा म्हणाली, "दादांचं म्हणणं वेगळं हाय. ते म्हणतात, गलबत सुटलं तिथपर्यंत मी बाईंना सांगितलं. पुढचं मला माहीत नव्हतं. मग बाईंना कोणी सांगितलान?"

मंडळी, जो प्रश्न मला सगळा जिल्हा विचारतो तोच हा. आपण सगळे माझं 'सुचलं' हे उत्तर मानता. अयूब चाचा मानत नाहीत. त्यांच्या मते काहीही नुसतं सुचत नसतं. कुणीतरी कुणाला सांगितलेलं असतं, ते फिरत फिरत आलेलं असतं. त्यांच्या उमेदीत नाट्यात खबर तशीच यायची. कुणीतरी बसऱ्याहून एडनला, एडनहून मुंबईला, मुंबईहून इकडे, तोंडातोंडी. नाव बदलल्याचं त्यांना काही वाटलं नाही. म्हणाले, पेपरवाले नावं बदलतात, ते मला ठाऊक हाय. त्यांच्या लेखी धाकू म्हणजे रामजी. इतक्या वर्षांनी त्याची खबर लागली आणि ती दर रविवारी येते आहे.

"मग मी काय करू?" मी फिजाला म्हटलं.

ती म्हणाली, "माझं डोकं संपलं, मॅडम. गेल्या रविवारी मी धाकूला दोनदा एकाच गावात नेलं, दादांनी पकडलं. आता एकतर त्याला उठवा, नाहीतर घरी येऊन सांगा."

घरी येऊन सांगा, याचा अर्थ मला कळला नाही. तिने समजावला. दर्यावर्दी घरांत एक रीत होती. चांगली खबर उभ्याने सांगायची. बेड्याबाहेरून, म्हणजे अंगणाच्या फाटकाबाहेरून, ओरडून सांगितली तरी चालते. वाईट खबर मात्र ज्याला माहीत आहे त्याने स्वतः घरी यायचं, बसायचं. घरच्यांनी पाणी आणायचं. खबर आणणाऱ्यानेही प्यायचं आणि ऐकणाऱ्यांनीही प्यायचं. मग सांगायचं. कारण एकदा सांगितल्यावर त्या घरात पाणी द्यायची आणि प्यायची शुद्ध कुणाला राहत नाही. आणि असं येऊन कुणी सांगत नाही तोवर माणूस गेला असं धरायचं नाही. रामजीच्या घरच्यांनी बरीच वर्षं वाट पाहिली आणि शेवटी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला. अयूब चाचा त्याला गेले नाहीत. एवढंच विचारलं, "खबर कोणी आणलान?"

तेव्हा माझ्यापुढे दोनच रस्ते होते. मी दमलेली होते, मालिका संपलेली होती, आजच्या या समारंभाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. मी ठरवलं, जाऊन सांगायचं. नीट, रीतीप्रमाणे सांगायचं. म्हातारा माणूस कशाला ताटकळत ठेवायचा? एकदा रडेल आणि मोकळा होईल. गेल्या शुक्रवारी मी नाट्याला गेले.

स्टॉपवर मला घ्यायला फिजा आली होती आणि तिच्याबरोबर प्रेमलाताई होत्या. प्रेमलाताई म्हणजे रामजीची धाकटी बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. सरळ, रोखठोक बाई. चालता चालता म्हणाल्या, "बरं केलंत आलात. सांगून टाका एकदाचं. मी माझ्या भावाला कधीच निरोप दिलाय. वंदना घेतली, सगळं केलं. ही अंधश्रद्धा मला पटत नाही."

मी म्हटलं, "पण फिजा म्हणते, रविवारी तुम्हीही ऐकायला येता."

"येते," त्या म्हणाल्या. "वर्गात मुलं कशी वाचतात ते बघायची सवय आहे. फिजा बरी वाचते." आणि भराभर पुढे चालायला लागल्या.

अयूब चाचा पडवीत खुर्चीवर बसले होते. नुकतेच जुम्म्याच्या नमाजाहून आलेले, पांढरा सदरा, टोपी. पायांची चाहूल ऐकून म्हणाले, "कोण गो, फिजा?"

"पेपरवाल्या बाई, दादा."

त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "या या! इकडे कुठं वाट चुकलात? त्या दिवशी गाडीत माझ्या डब्यातली घावनं खाल्लीत, त्यानंतर आजच." मग त्यांना माझ्या खुर्चीचा आवाज ऐकू आला. ते थांबले.

"बसलात?"

"बसले, चाचा."

 त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा नीट घातली. म्हणाले, "फिजा, पाणी आण." फिजा पाणी घेऊन आली. मी तांब्या हातात घेतला.

"प्यालात?"

"अजून नाही."

"प्या. घाई नाय." मग मान वळवून म्हणाले, "प्रेमला आली हाय ना? प्रेमला, ये, माझ्या बाजूला बस. फिजा, तिला पण पाणी दे. आधी तिला."

मी वाक्य तयार करून नेलं होतं. आयुष्यभर मजकूर कापण्यात गेलं, तेव्हा वाक्य लहान होतं. चाचा, धाकू गेला, त्रास झाला नाही. एवढंच. मी पाणी प्याले. चाचा प्याले, थोडं सदऱ्यावर सांडलं. आता फक्त प्रेमलाताईंचं राहिलं. त्यांच्या हातात पेला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्यांनी मला वाटेत सांगितलं होतं की सांगून टाका एकदाचं, त्या बाई पेल्यातल्या पाण्याकडे बघत होत्या.

"प्यायलीस, प्रेमला?" चाचांनी विचारलं.

"मला तहान नाही," प्रेमलाताई म्हणाल्या.

"तहान नसली तरी एक घोट घे."

"नको," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पेला जमिनीवर ठेवून दिला.

मंडळी, मी बऱ्याच लोकांना मारलं आहे. कागदावर. पुरात, अपघातात, प्रेमभंगात. हात कधी अडखळला नाही, कारण गुरुवार असायचा. त्या पडवीत मात्र एका शिक्षिकेने, जिचा या रीतीवर विश्वास नाही, त्याच रीतीने मला अडवलं. ती पाणी घेत नाही, तोवर मला तोंड उघडता येत नव्हतं. आणि ती घेणार नव्हती, हे तिच्या बसण्यावरून मला दिसत होतं.

मी उठून उभी राहिले.

म्हटलं, "चाचा, मी खबर द्यायला आलेली नाही. विचारायला आले. धाकू बरा आहे. इस्पितळातून सुटला. आता त्याला घरी आणायचा कसा, ते मला सुचत नाही."

 चाचा असे भडकले! "मग बसलात कशाला, हो? म्हाताऱ्याचा जीव घेतलात! शिकलेली माणसं, कुठं बसायचं कुठं उभं राहायचं कळत नाय तुम्हाला?" फिजा तोंडावर ओढणी धरून घरात पळाली. प्रेमलाताईंनी पेला उचलला आणि त्या सगळं पाणी एका दमात प्याल्या. तहान नव्हती म्हणे.

नंतर चाचांनी मला तासभर सोडलं नाही. "विमानातून आणू नका. कागद नसताना त्याला विमानात कोण घेणार? दर्यानेच आणा. आणि घाई करू नका, तो घाईचा माणूस नाय. हजामतीला बसला तर दुनिया सुटली तरी उठायचा नाय, बघितलंत ना." प्रेमलाताई म्हणाल्या, "आणि त्याला गोड बोलायला लावू नका. तो भांडकुदळ होता. तुमचा धाकू फार सोज्वळ आहे." चाचा म्हणाले, "खरं हाय. त्याला एकदा कुणाशी तरी मारामारी करू दे." फिजा आतून ओरडली, "केली, दादा, गेल्याच्या गेल्या रविवारी!" म्हणाले, "ती कसली मारामारी? एक थप्पड. रामजी तेवढ्यावर थांबायचा काय?"

मी निघाले तेव्हा चाचांनी माझा हात धरला. आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगतो, बाई. त्याला परस्पर मुंबईला उतरवू नका. इथंच उतरवा, नाट्याच्या धक्क्यावर. आणि कुठल्या रविवारी उतरतो ते मला अगोदर सांगून ठेवा. मी जाणार. त्याला उतरून घ्यायला कोणीतरी हवं. त्या दिवशी आम्ही कोणी थांबलो नाय."

स्टॉपपर्यंत फिजा माझ्याबरोबर आली. म्हणाली, "धक्क्यावर नेऊन उभं कसं करणार त्यांना? कोणाला उतरवणार?" मी म्हटलं, "म्हणून तर त्याला पोचू द्यायचं नाही." ती म्हणाली, "मग किती दिवस?" गाडी आली म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.

तर असं आहे. संदेश, आपण माझ्याकडे बघता आहात ते कळतं आहे मला. हे मी आपल्याला आधी सांगायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर इथे येईपर्यंत माझं ठरत नव्हतं. गाडीत बसले तेव्हाही वाटत होतं, फिजाला शिकवावं, तिनेच पुढे न्यावं, ती माझ्यापेक्षा बरी आहे असं ऐकलंच आहे. तिला फोनवर तसं विचारलं सुद्धा. ती म्हणाली, "तुम्ही पाठ टेकवायला काहीतरी द्या, मग मी वाटेत हवं ते बदलेन. पण कोऱ्या पानावर मला नाय जमत." तेही खरंच. मलाही रामजीशिवाय धाकू कुठे जमला होता?

तेव्हा माझी आपल्याला, सगळ्यांसमोर, विनंती आहे. माझं अर्धं पान मला परत द्या. पाककृती लिहिणाऱ्या ताई सभागृहात असतील तर त्यांची क्षमा मागते. त्यांची फणसाची भाजी मी करून पाहिली आहे, चांगली होते, तिला शनिवारी जागा द्यावी. धाकू इस्पितळात वारला असं मी लिहिलं होतं, ते कसं निस्तरायचं ते माझं मी बघेन. वाचकांनी एवढं चालवून घ्यावं. पत्रकार मित्र पुढच्या रांगेत बसले आहेत. त्यांनी हे छापू नये असं म्हणणार होते, पण छापलंत तरी हरकत नाही. नाट्यात ते वाचून दाखवणार फिजाच.

माझा थकवा गेला असा कोणी समज करून घेऊ नका. मान दुखतेच आहे. नाट्याहून परत येताना मागच्या बाकावर दोन बायका हळू आवाजात भांडत होत्या, आणि मी मनात म्हणत होते, जरा मोठ्याने बोला ग, ऐकू येत नाही. हौस म्हणून नाही. सवय. धाकूला आता अजून बऱ्याच बंदरांना जायचं आहे आणि मी त्यातलं एकही पाहिलेलं नाही. मला पुन्हा एसटीने हिंडून ती गोळा करावी लागतील.

आपण सगळ्यांनी आज मला निवृत्तीच्या शुभेच्छा दिल्यात. त्या मनापासून दिल्यात हे मला माहीत आहे. पण धाकू घरी पोचेल तेव्हाच मी निवृत्त होईन. आणि अयूब चाचा आहेत तोवर धाकू पोचू शकत नाही. तेव्हा माझी निवृत्ती लवकर यावी असं आजपासून कृपया कोणी चिंतू नये. मीही चिंतत नाही.

वाचनालयाने हा सोहळा घडवून आणला, तांबे सरांनी वेळ देऊन तो सांभाळून घेतला, ज्यांनी सतरंज्या घातल्या, मागे गॅसवर मोठ्या पातेल्यात चहा चढवून जे केव्हापासून वाट बघत उभे आहेत, त्या सर्वांची मी ऋणी आहे. ही शाल आणि श्रीफळ मी टेबलावरच ठेवून जाते. ती निरोपाची आहेत, आणि घेतली तर खोटं होईल. बोलण्यात वेळेचं भान राहिलं नाही, कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं, कुणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि निरोपासाठी तुम्ही मला इथवर आणलंत, तो मात्र मी घेतला नाही, ही सगळ्यात मोठी चूकही त्यातच घाला.

धन्यवाद.